चपलांच्या तळाला चिखल नाही

कुर्ट वॅलँडर हा स्वीडिश पोलीस मला २०१६च्या उन्हाळ्यात भेटला. लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या जागांवर कलम १४४ लागलं होतं. मिरवणुकीपायी, दंगलीपायी १४४ लागलेलं मी वकिलीत पुष्कळदा पाहिलं होतं. घागरींपायी लागलेलं पहिल्यांदाच पाहिलं. पुढं कोर्टाला सुट्टी लागली आणि पक्षकार टँकरच्या मागं लागले. भाचा गोटेनबर्गला नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा विमानात वाचायला घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक तो आमच्याकडंच टाकून गेला होता. हेनिंग मांकेलचं ‘द पिरॅमिड’.

मांकेलनं १९९१पासून वॅलँडरच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यात तो चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, घटस्फोट झालेला असा भेटतो. त्याआधी तो कसा होता, याची गोष्ट मांकेलनं शेवटी १९९९मध्ये या पुस्तकात सांगितली. त्यातली पहिली लघुकादंबरी १९६९ सालातली. माल्मो शहर. वॅलँडर नुकता विशीत आलेला, अंगावर वर्दी, काम गस्तीचं. शेजारच्या खोलीतला एकटा राहणारा म्हातारा गोळी लागून मेलेला सापडतो. पिस्तूल जवळच. आत्महत्या, असं म्हणून प्रकरण मिटायच्या बेतात असतं. या पोराला मात्र ते पटत नाही. तपास त्याच्याकडं नाही, कुणी त्याला विचारलेलं नाही, तरी तो सुट्टीच्या वेळात विचारपूस करत हिंडतो. मोना नावाची मैत्रीण वाट बघून वैतागते. हा पोलिसात गेला म्हणून बाप रुसलेला. हा बाप चित्रकार, आणि जन्मभर एकच चित्र काढतो: मावळतीचा देखावा, कधी त्यात एक रानपक्षी, कधी नाही.

गोष्ट अर्ध्यावर आली आणि मला माल्मो दिसेनासं झालं. दिसू लागले नांदेडचे जमादारकाका.

नांदेडला चौफाळ्याजवळच्या वाड्यात आम्ही भाड्यानं राहायचो आणि पोलिसात जमादार असलेले काका आणि काकू यांची खोली आमच्या भिंतीला लागून. वाड्यात पुस्तकं वाचणारे आम्ही दोघंच. मी वाचायचो बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, आणि नशिबानं मिळालाच तर सुहास शिरवळकर. काका वाचायचे इब्ने सफी, तोही उर्दूतून. काकांचं शिक्षण निजामी राजवटीतलं, शाळा उर्दू. त्यामुळं बोलणं कंधारी मराठी आणि वाचन उर्दू, असा मामला. इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ १९५२मध्ये अलाहाबादहून सुरू झाली, तेव्हापासूनचे अंक त्यांनी ट्रंकेत जपून ठेवले होते. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे त्यांच्या घरचेच होते म्हणा ना.

भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान जवळच होतं. दिवसाला दहा-पंधरा पैसे. नाईकांचा कॅप्टन दीप आणि गोलंदाज, अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड तिथून यायचे. कव्हरं चिकटपट्टीनं सांधलेली, शेवटची पानं कधी कधी गायब. ही माणसं किती लिहायची! अर्नाळकर, म्हणजे खरे चंद्रकांत सखाराम चव्हाण, हजाराच्या वर पुस्तकं लिहून गेले. गोव्याहून आलेल्या नाईकांचाही आकडा तसाच. पुढं त्यांनी काही काळ लातूरच्या वृत्तपत्रातही काम केलं. साहित्याच्या चर्चेत या दोघांची नावं फारशी कुणी घेत नाही. माझ्या मते तो कृतघ्नपणा आहे. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीतल्या किती पोरांना पुस्तक संपेपर्यंत खाली न ठेवण्याची सवय या लोकांनी लावली, ते आम्हालाच ठाऊक.

माझं पुस्तकाचं भाडं पुष्कळदा काकाच भरायचे. अट एकच. पुस्तक संपलं की गोष्ट त्यांना सांगायची. मी तावातावानं सांगायचो आणि काका विडी विझवून मधेच विचारायचे, “पंचनामा कधी केला?”

“कुणाचा?”

“मढ्याचा. तुझा कॅप्टन आला, मढं बघितलं, खिशातली चिठ्ठी काढून घेतली. कुणापुढं काढली? पंच कुठायत?”

पंच नसायचेच. फरीदीकडंही नसायचे, पण फरीदीबद्दल मी बोललेलं त्यांना खपत नसे. शेवटच्या पानावर खलनायक सगळं कबूल करतो, यावर तर ते हसायचे. “पोलिसापुढली कबुली कोर्टात चालत न्हाई, बाबा. पुरावा कायदा, कलम पंचवीस. तुझ्या लेखकाला कुणी तरी सांगा.” कायद्याचं पहिलं कलम मी असं शिकलो, शाळकरी चड्डीत, वाड्याच्या ओट्यावर.

एकदा वाड्यात चोरी झाली. मागच्या बिऱ्हाडाचं कपाट फुटलं, चांदीची भांडी गेली. पोलीस यायला वेळ होता. काकांनी मला हाक मारली, वही आणायला सांगितली आणि म्हणाले, “लिही काय दिसतंय ते.” मी मोठ्या उत्साहानं लिहिलं: चोराने मागच्या दाराने प्रवेश करून लोखंडी कांबीने कपाट फोडले. काकांनी वही घेतली. मराठी ते अडखळत वाचायचे, तरी बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

“चोर तू बघितलास?”

“नाही.”

“कांब बघितलीस?”

“नाही.”

“मंग कामून लिहिलास?”

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. खोली पूर्वाभिमुख. दार दोन फळ्यांचं, डाव्या फळीची कडी शाबूत, कोयंडा निघून खाली पडलेला. कपाट लाकडी, उंची छातीइतकी, कुलपाच्या जागी लाकडाचा कपचा उडालेला, कपच्याची ताजी बाजू पांढरी. जमिनीवर गव्हाचे दाणे सांडलेले, दाण्यांवर पाय पडून पीठ झालेलं नाही. इथं ते थांबले. “बघ. गहू सांडलाय, पण तुडवला न्हाई. हे लिही. याचा अर्थ काय, ते लिहू नको.” कपाटावरचा गव्हाचा डबा उलटा होता. कोण कधी आत आलं, कपाट आधी फुटलं की गहू आधी सांडला, हे मला आत्ता सांगता आलं असतं. तेव्हा मी फक्त लिहिलं. अर्थ न लिहिता, दिसतं तेवढंच लिहायला किती जोर लागतो, हे त्या संध्याकाळी हाताला कळलं. पुढं नांदेडचे विचारवंत कुरुंदकर गुरुजी यांची व्याख्यानं ऐकताना पुरावा आणि मत यांतलं अंतर कुणी तरी तर्कानं उभं करून दाखवतंय असं वाटायचं. काकांनीही ती व्याख्यानं ऐकलेली होती, बंदोबस्तावर उभं राहून.

काकांची स्वतःची पहिली केस त्यांनी मला पुष्कळ उशिरा सांगितली, मी अकरावी-बारावीत असताना. तीही काकूंनी विषय काढला म्हणून.

दरवर्षी थंडीत कंधारकडून एक माणूस यायचा. धोतर, खांद्यावर पोतं, पोत्यात ज्वारीची कोवळी कणसं. मग वाड्याच्या अंगणात गोवऱ्या पेटायच्या, काका कणसं भाजायचे, काकू चोळून हुरडा काढायच्या, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. सगळा वाडा खायचा. हा कोण, का आणतो, असं कुणी विचारत नसे. त्या वर्षी काकू म्हणाल्या, “याला सांगा की. वकील व्हायचं म्हणतोय.”

पोलीस ॲक्शननंतर, सप्टेंबर १९४८ सरल्यावर, जी नवी भरती झाली तिच्यात काका लागले. वय विशीचं. हैदराबाद राज्य अजून होतं, ठाण्याचा कारभार उर्दूत, फौजदाराला अमीनसाहेब म्हणायचे आणि ठाण्याच्या डायरीला रोजनामचा. नोकरी जेमतेम रुळली होती, तेवढ्यात भादव्यात एका गावच्या विहिरीत माणूस मेलेला सापडला. गाव मुरमाड टेकाडावर, विहीर खाली काळ्या रानात. विहिरीच्या काठावर त्याच्या चपला जोडीनं, नीट ठेवलेल्या. गाव म्हणत होतं, बायकोशी भांडून गेला आणि उडी टाकली. अमीनसाहेबांना परत निघायची घाई होती, आभाळ भरून आलेलं.

काळ्या मातीत पावसाळ्यात चाललेल्या माणसाला सांगायला नको. पावलागणिक चिखल चिकटत जातो, पाय उचलवत नाहीत. काकांनी चपला उलट्या केल्या. तळाला बारीक लाल मुरूम रुतलेला होता. काळ्या चिखलाचा ठिपका नव्हता.

अमीनसाहेब म्हणाले, हातात घेऊन आला असेल. आणि ते खोटं नव्हतं; चिखलात शेतकरी चपला हातात धरूनच चालतो. काका म्हणाले, जीव द्यायला निघालेला माणूस चपला जपेल का, साहेब? त्यावर अमीनसाहेब म्हणाले, आदत है, आदत से आदमी कुछ भी करता है. तेही खोटं नव्हतं. काकांनी वाद घातला नाही. पंचनामा लिहायचं काम त्यांच्याकडं होतं, अक्षर चांगलं म्हणून. त्यांनी उर्दूत एक ओळ जास्त लिहिली: चपलांच्या तळाला मुरूम आहे, चिखल नाही. दोन्ही पंचांचे अंगठे घेतले. चपला मुद्देमालात घेतल्या. बस.

प्रेत बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात गेलं. डॉक्टरांचा कागद पुष्कळ दिवसांनी आला, त्यात मानेच्या मागं मार असल्याचं होतं. पडताना दगड लागला असेल, असंही म्हणता आलं असतं. पण आता दोन कागद झाले होते, आणि मधल्या काळात अमीनसाहेबांची बदली होऊन दुसरे आले होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काकांना बोलावलं. मग बांधाचं भांडण निघालं, चुलत भाऊ निघाला, खटला नांदेडच्या सेशन कोर्टात उभा राहिला.

“फाशी झाली?” मी विचारलं. तोवर मी नाईकांच्या वळणावरच होतो.

“सुटला. एक पंच फिरला, म्हणला अंगठा माझा न्हाई.”

पण खटला झाला. नवऱ्यानं हिच्या जाचापायी विहीर जवळ केली, असं त्या बाईला तोंडावर म्हणायची गावाची सोय गेली. भावकीनं तिला रानातून हुसकायचं घाटलं होतं, तेही थांबलं. तिनं पोरं त्याच रानावर वाढवली. हुरडा त्याच रानातला. मी लहानपणापासून तो चटणीबरोबर खात आलो होतो.

बेवारस किंवा संशयास्पद मृत्यूचा पंचनामा ज्या कलमानं होतो ते १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १७४ होतं, १९७३च्या संहितेत १७४च राहिलं, आणि आता १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं. आकडा बदलला, मजकूर बराचसा तोच आहे: परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी, त्यांच्यासमोर प्रेताची अवस्था, जखमा, कशानं झाल्या असाव्यात ते. माझ्या वकिलीत असे पंचनामे शेकड्यानं हाताखालून गेले. बहुतेक एकाच छापाचे. क्वचित एखाद्यात अशी एक ओळ जास्तीची असते, आणि ती दिसली की मी लिहिणाऱ्या अंमलदाराचं नाव बघतो.

१९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरला नवा होतो, ज्येष्ठ वकिलांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसणारा. पावसात सामूहिक दहनं झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर महिनोन्महिने वारसांचे कागद जुळवणं हेच आम्हा ज्युनिअरांचं काम होतं. काकांनी नांदेडहून पत्र धाडलं, शेजारच्या पोराकडून लिहवून घेतलेलं. मजकूर कामापुरता: बाईचं नाव माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिहावे. लेकरांची वये अंदाजे असल्यास अंदाजे असे लिहावे. पाहिले नाही ते लिहू नये. तब्येतीची चौकशी शेवटच्या ओळीत, तीही अर्धी.

त्यांच्या मराठी पत्रांचा आणि अर्जांचा लेखनिक पूर्वी मी होतो. १९८६मध्ये ते निवृत्त झाले आणि पेन्शनचा कागद कुठल्याशा टेबलावर अडकला तो अडकलाच. स्मरणपत्रं मी लिहायचो, ते खाली उर्दूत सही करायचे. त्याच सुमारास मला लातूरला कायद्याला जायचं होतं. वडिलांची नोकरी गिरणीतली, उस्मानशाही मिलची, आणि घरात खाणारी तोंडं बरीच. फी आणि खोलीचं भाडं काकांनी दिलं. हातात ठेवताना म्हणाले, “परत कर. मी दान देणारा न्हाई.”

मी परत केले. वकिली लागल्यावर लातूरहून मनीऑर्डर करायचो, थोडे थोडे. आणि दर वेळी नांदेडहून पोस्टानं पावती यायची. खरीखुरी पावती, रसीदी तिकीट लावून, तिकिटावर आडवी सही: अमुक रक्कम मिळाली, बाकी अमुक. शेवटच्या पावतीवर लिहिलं होतं, बाकी निरंक. त्या पावत्या मी अजून एका पाकिटात ठेवल्या आहेत. त्यानंतर काही वर्षांनी, शतक सरायच्या आत, काका गेले.

वॅलँडर वाचल्यावर मी त्याच्या गणगोताच्या मागं लागलो. मांकेलच्या आधी माय शोवाल आणि पेर वाल्यो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ अशा दहा वर्षांत दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुलं झोपल्यावर रात्री दोघं एकेक प्रकरण वाटून घेऊन लिहायची. पहिली ‘रोझाना’. कालव्यातला गाळ काढताना एका तरुणीचं प्रेत वर येतं, आणि ती कोण हे कळायलाच किती तरी आठवडे जातात. तपास उन्हाळ्यात सुरू होऊन भर हिवाळ्यात संपतो. मधे नुसती पत्रापत्री, फोन, फायली, पोलिसाचं बिघडलेलं पोट. माझ्यासोबतच्या एका वकीलमित्राला ती कंटाळवाणी वाटली. मला वाटलं, ही कादंबरी काकांनी लिहायला हवी होती. रिकाम्या दिवसांना पानं देणारा रहस्यकथाकार मी तोवर पाहिला नव्हता. अर्नाळकर-नाईकांना महिन्याला पुस्तकं पाडायची होती, त्यांना रिकामे दिवस परवडणार कसे? त्यांना दोष नाही. पण पोलिसाचं आयुष्य बहुतेक त्या रिकाम्या दिवसांतच जातं, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं: उशिरा रात्री वाजलेली कडी, काकूंनी पुन्हा पेटवलेली चूल, आणि “काय झालं” या प्रश्नाला आलेलं “काही न्हाई” हे उत्तर.

त्याच उन्हाळ्यात मी नांदेडला गेलो. वाडा पडून तिथं इमारत झाली आहे, काकू तेव्हा तरोड्याला नातवाकडं होत्या. ऐंशी ओलांडली, कान शाबूत. वाचायला त्या कधी शिकल्या नाहीत, पण वाड्यातली प्रत्येक रहस्यकथा त्यांनी ऐकलेली. मी काकांना सांगायचो तेव्हा त्या आतून ऐकत असायच्या. म्हणून त्यांना वॅलँडर सांगितला. शेजारचा म्हातारा, पिस्तूल, वरिष्ठांनी मिटवलेलं प्रकरण, पोराचं एकट्यानं हिंडणं. काकू मान डोलवत होत्या. खुनी कोण, यात त्यांना फारसा रस दिसला नाही.

“ती पोरगी?” त्यांनी विचारलं. “वाट बघत बसलेली?”

“मोना. तिच्याशी लग्न केलं त्यानं.”

“मंग?”

“मग पुढं ती सोडून गेली.”

“जाणारच की,” काकू म्हणाल्या. “आम्हाला जायला जागा नव्हती म्हणून न्हाईतर.” आणि स्वतःच हसल्या. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तुझ्या शिक्षणाला पैसे कुठून आले, वकीलसाब?”

“काकांनी दिले.”

“त्यांच्याकडं कुठले? पेन्शन अडकलेली. अर्ज तूच लिहीत होतास.”

मी गप्प बसलो. त्यांनी डावा हात पुढं केला. मनगटात एकच पाटली.

“दोन होत्या. सराफ्यात ठेवल्या दोन्ही. तुझ्या मनीऑर्डरी आल्या तशी ही सुटली. दुसरी व्याजात गेली. ते म्हणले, पोराला सांगू नको, हात आखडल त्याचा. न्हाई सांगितलं.”

नातसून चहा घेऊन आली. काकूंनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारली.

“तुला पावत्या देल्या त्यांनी, तिकिटं लावून,” त्या म्हणाल्या. “मला कोण देणार? लिही आता. आणि तिकीट लाव, नुसती नको.”